गाडीतला फ्यूज उडाला तर घरी बदलता येतो का, आणि आणखी काय तपासावे?

मोबाइलचा चार्जर लावताच गाडीतले १२ व्होल्टचे सॉकेट बंद पडले, बाकी सारे व्यवस्थित चालू आहे. तर हे घरी दुरुस्त करता येईल का आणि मेकॅनिककडे न जाता आणखी काय तपासता येते, असे तुम्ही विचारले आहे. तुम्ही सांगता त्या लक्षणांवरून फ्यूजच उडाला असावा, आणि तो बदलणे कोणालाही जमण्यासारखे आहे. मात्र तो का उडाला हे पाहिल्याशिवाय नवा बसवू नये, असे माझे ठाम मत आहे.

फ्यूज प्रामुख्याने वायरचे रक्षण करतो, ही गोष्ट आधी समजून घ्या. एखादी वायर किती प्रवाह सोसू शकते हे तिच्या जाडीवर ठरते आणि त्या बेताने फ्यूजचा आकडा ठरवलेला असतो. प्रवाह त्याहून वाढला की फ्यूजमधली धातूची पट्टी वितळते आणि वायर बचावते. १५ अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज बसवला किंवा तारेचा तुकडा गुंडाळला, तर सॉकेट चालू होईलही, पण पुढच्या वेळी पट्टीऐवजी डॅशबोर्डामागची वायर तापेल, तिचे आवरण वितळेल आणि गाडीला आग लागू शकेल. म्हणून जेवढ्याचा फ्यूज निघाला, तेवढ्याचाच घालायचा.

बहुतेक गाड्यांत फ्यूजच्या दोन पेट्या असतात. एक बॉनेटखाली बॅटरीच्या आसपास आणि दुसरी डॅशबोर्डच्या खाली किंवा बाजूला असते. सॉकेटचा फ्यूज बहुधा आतल्या पेटीत सापडतो, आणि नेमका कोणता ते झाकणावरच्या आकृतीत किंवा गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पाहावे. इग्निशन बंद करून किल्ली काढून घ्या. पुष्कळदा पेटीतच प्लास्टिकचा छोटा चिमटा अडकवलेला असतो. त्याने फ्यूज पकडून डावीउजवीकडे न हलवता सरळ वर ओढा. उजेडासमोर धरला की पारदर्शक प्लास्टिकमधून आतली वळणदार पट्टी दिसते. ती मधोमध तुटलेली असेल, किंवा तिथे काळसर डाग पडला असेल, तर फ्यूज गेला हे उघड आहे. कधीकधी चीर इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसतच नाही. अशा वेळी फ्यूजच्या माथ्यावर धातूचे जे दोन ठिपके उघडे असतात, त्यांना मल्टिमीटरची (वीज मोजणाऱ्या छोट्या उपकरणाची) टोके लावून एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत जोडणी अखंड आहे का ते पाहावे.

आकड्यांना रंगांची जोड असते. १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. तरीही रंगापेक्षा माथ्यावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवा, आणि जुना फ्यूज दुकानात सोबत न्या, कारण एकाच आकड्याचे फ्यूज लहानमोठ्या मापांत मिळतात.

आता कारणाकडे वळू. फ्यूज काढलेला असतानाच टॉर्चने सॉकेटच्या तळाशी पाहा. नाणे, पिन, किंवा चार्जरच्या टोकाची सुटलेली धातूची चकती आत पडली असेल, तर ती लाकडी काडीने बाहेर काढा. आत काही नसेल तर संशय चार्जरवर जातो. नवा फ्यूज बसवून आधी रिकामे सॉकेट चालू ठेवून पाहा आणि मग दुसरा चार्जर लावा. टायरमध्ये हवा भरणारा छोटा पंप वापरत असाल तर हिशेब सोपा आहे: १२ व्होल्ट गुणिले १५ अँपिअर म्हणजे १८० वॅट, त्यापलीकडे त्या फ्यूजकडून अपेक्षा ठेवू नये. सॉकेट रिकामे असतानाही नवा फ्यूज उडाला, तर वायर कुठेतरी शॉर्ट होत आहे असे समजावे आणि तिसरा फ्यूज न घालता गाडी जाणकाराकडे न्यावी. एअरबॅगच्या फ्यूजला, तसेच विजेवरच्या किंवा हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबल्सना घरी हात लावू नये.

प्रत्येक बिघाडाचा दोष फ्यूजला देऊ नका. एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर उघडझाप करू लागला तर बहुधा त्या बाजूचा बल्ब गेलेला असतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोनतीन गोष्टी एकदम बंद पडल्या, तर मात्र त्यांचा सामाईक फ्यूज शोधावा.

बाकीच्या तपासण्यांना महिन्यातून थोडा वेळ दिला तरी पुरतो. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातले तेल मोजायची पट्टी, पुसून पुन्हा बुडवा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी टाकीच्या बाहेरूनच दिसते, आणि इंजिन तापलेले असताना तिचे किंवा रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, कारण आतले द्रव दाबाखाली असते आणि उसळून गंभीररीत्या भाजू शकते. ब्रेक फ्लुइडच्या बाबतीत लोक हमखास चुकतात: पातळी खाली गेली की नुसती भर घालून मोकळे होतात. ब्रेकचे पॅड झिजतात तशी ही पातळी हळूहळू उतरतेच, म्हणून ती उतरलेली दिसली की पॅड तपासून घ्यावेत. आणि ती झपाट्याने उतरली तर गळती आहे असे समजून गाडी चालवूच नये.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट किंवा हिरवट थर साचला आहे का तेही पाहा. इंजिन काही तास बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवणारी १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज असते. टायरमधली हवा गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना मोजा. योग्य आकडा सहसा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो. टायरच्या कडेवरचा आकडा कमाल दाबाचा असतो, तो पाहून हवा भरू नका. त्याच वेळी स्टेपनीतली हवाही मोजून घ्या.