बटण बंद, तरी दिवा मंद

प्रश्न : बैठकीच्या खोलीतला जुना स्विच मी स्वतः बदलला. तेव्हापासून बटण बंद केले तरी एलईडी दिवा अंधुक तेवत राहतो. दिवा सदोष आहे का?

उत्तर : नव्या स्विचमध्ये छोटा इंडिकेटर असेल, तर त्यातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहानेही असे होते आणि त्यात काळजीचे काही नाही. तो नसेल, तर जोडणीवर संशय घ्यावा. आपल्याकडे बोर्डात सॉकेटसाठी न्यूट्रल, म्हणजे प्रवाहाच्या परतीची तारही आणलेली असते. घाईत फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेऐवजी, तीच स्विचमधून गेली, तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये २३० व्होल्ट कायम राहतात आणि दिवा बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. जुन्या पिवळ्या बल्बने ही चूक कधी उघड केली नसती, हे एलईडीचे उपकारच म्हणायचे.

एमसीबी (त्या भागाची वीज तोडणारी कळ) खाली पाडून, टेस्टर आधी चालू सॉकेटवर पारखून, मगच बोर्ड उघडावा. जुन्या घरांत लाल तार फेजची व काळी न्यूट्रलची असते खरी, परंतु पूर्वीच्या कारागिराने हा संकेत पाळलाच असेल असे नाही, म्हणून रंगावर विसंबू नये. फेज ओळखता येत नसेल, तर परवानाधारक वायरमनला बोलवावे.