338 लापुआसाठी प्रेस: 900 डॉलरचा संच की 1700चा?

नमस्कार.

तुम्ही टेक्सासहून लिहिलंय. 338 लापुआ मॅग्नम या मोठ्या काडतुसाची रायफल आहे, महिन्याला 20 गोळ्या रेंजवर जातात, दुकानातलं काडतूस 6 डॉलरला पडतं. टॅक्स रिफंडचे 2100 डॉलर हातात आलेत आणि त्यातून काडतुसं घरीच भरायचं सामान घ्यायचंय. एक संच 1700चा, त्याच्या प्रेसवर (काडतूस भरायच्या दांड्याच्या यंत्रावर) पुढेमागे 50 बीएमजी हे त्याहूनही मोठं काडतूस भरता येईल. दुसरा 900चा, ओतीव लोखंडाच्या सिंगल-स्टेज, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रेसचा. क्रेडिट कार्डावर 24 टक्के व्याजाने 3100 डॉलर थकलेत, हे तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंत. माझ्यासाठी ती पहिली ओळ आहे.

तरीही 900चा संच घ्या, असंच मी म्हणेन.

तुमच्या आकड्यांनी एका काडतुसाची गोळी, पावडर आणि प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) मिळून 1.95 डॉलर होतात. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच, तुम्ही फुकट धरलीत, कारण रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवल्यात. पण त्या कायमच्या नाहीत. काही वेळा भरल्या की मान चिरते, नाहीतर प्रायमरची खोबण सैल होते. त्याचे 45 सेंट धरू. म्हणजे काडतूस 2.40ला पडलं आणि एकामागे 3.60 वाचले. वर्षाच्या 240 काडतुसांवर 864 डॉलर. संचाचे पैसे साधारण वर्षभरात सुटतात. कार्डाच्या 24 टक्क्यांपुढेही हा सौदा टिकतो, म्हणून मी अडवत नाही.

1700च्या संचाला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. 338 लापुआ मोठं काडतूस असलं तरी त्याच्या डाय (प्रेसमध्ये बसवायचे, पुंगळीला आकार देणारे साचे) नेहमीच्या 7/8-14 आट्यांच्याच, म्हणजे 7/8 इंच व्यास आणि इंचाला 14 आटे अशाच असतात, मजबूत साध्या प्रेसवर ते आरामात भरतं. जाड आट्यांच्या डाय लागतात त्या 50 बीएमजीला, आणि ती रायफल तुमच्याकडे नाही. ‘उद्या घेतली तर’ यासाठी आज 800 डॉलर जास्त घालायचे, तर त्यावर कार्डाचं व्याज वर्षाला 192 डॉलर. उद्याची सोय हवीच असेल तर ली कंपनीचं क्लासिक कास्ट बघा. त्यातलं बुशिंग (डाय धरणारी आतली कडी) काढलं की खाली 1 1/4-12चे मोठे आटे निघतात. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच फेरीत सगळी कामं करणाऱ्या प्रेसच्या मागेही लागू नका, ते महिन्याला हजारभर पिस्तुलाची काडतुसं भरणाऱ्यांसाठी.

वाचलेल्यातले थोडे पैसे टेबलावर घाला. माझ्या एका क्लायंटच्या गॅरेजमध्ये मी पाहिलंय: उत्तम प्रेस, पण खाली पातळ फळीचं टेबल. डायमध्ये बसलेली पुंगळी बाहेर काढताना त्याने दांडा उचलला आणि टेबलाचे पुढचे दोन पाय जमिनीवरून सुटले. मॅग्नम पुंगळीला जोर लागतोच. टेबल भिंतीच्या लाकडी खांबांना बोल्टने आवळा आणि पुंगळीला वंगण लावण्यात काटकसर करू नका.

मला खरी काळजी वेगळीच आहे. काडतूस स्वस्त झालं की माणूस जास्त मारतो. तुमचा आजचा खर्च वर्षाला 1440 डॉलर. महिन्याला 50 गोळ्या झाल्या की नव्या दरानेही नेमके 1440च होतात आणि बचत शून्यावर येते. शिवाय या काडतुसाने बॅरल लवकर झिजतं, नवं बसवायचा खर्च वेगळा. म्हणून महिन्याला 30ची मर्यादा ठरवा आणि प्रत्येक डब्यावर तारीख नि संख्या लिहा. पावडर मूळ डब्यातच ठेवा, आणि ती घरात ठेवण्याबद्दल विमा पॉलिसी काय म्हणते ते आधी वाचा.

तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून हे सगळं लिहिलं. एच-1बीवर असलेल्या वाचकांनी मात्र खरेदीआधी वकिलाला विचारावं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूकच नव्हे, काडतूस बाळगण्यावरही केंद्रीय कायद्याची बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत.

उरलेल्या 1200 डॉलरमधून टेबलाचा खर्च जाऊन राहतील ते प्रेसची ऑर्डर द्याल त्याच दिवशी कार्डावर भरा, आणि 20 गोळ्यांवरच राहिलात तर दर महिन्याला वाचणारे 72 डॉलरही तिकडेच वळवा.