न्यू ऑर्लिन्समध्ये आईबाबांना घेऊन जॅझ ब्रंचला जायचंय, बेत कसा आखावा?

तुमचा बेत असा दिसतो: शुक्रवारी संध्याकाळी ह्यूस्टनहून गाडीने निघायचं, रविवारी सकाळी दहाला एखाद्या जुन्या क्रिओल (म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी मिश्रणातून घडलेल्या इथल्या स्वयंपाकाच्या) रेस्टॉरंटमध्ये जॅझ ब्रंच, म्हणजे जॅझ ऐकत केलेलं उशिराच्या सकाळचं जेवण, साडेबाराला दलदलीतली बोटीची सफर आणि तिथून थेट घर. आई शाकाहारी, पण अंडं चालतं. बाबा मासे, कोंबडी खातात, गोमांस अजिबात नाही. मी न्यू ऑर्लिन्समध्येच राहते आणि भारतातून कुणाचे आईवडील आले की त्यांना ब्रंचला न्यायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वारांची अदलाबदल करा. ब्रंच शनिवारी, बोट रविवारी सकाळी. या ब्रंचला दोन-अडीच तास सहज जातात आणि जायलाच हवेत. घड्याळाकडे बघत जेवायचं असेल तर या जेवणावर एवढे पैसे घालवू नका. शिवाय बोटीच्या काही सफरी ला प्लासच्या बाजूने सुटतात. ते गाव आय-टेन महामार्गावर, तुमच्या परतीच्या वाटेवरच आहे. रविवारी सकाळी सामान गाडीत टाकून निघा, मगरी बघा आणि पुढे ह्यूस्टनचा रस्ता धरा.

शनिवार म्हटलं की माझं उत्तर एकच, कमांडर्स पॅलेस. अर्नोज आणि अँटवान्स ही फ्रेंच क्वार्टरमधली, म्हणजे शहराच्या सर्वात जुन्या भागातली, नावाजलेली रेस्टॉरंटं, पण त्यांचा जॅझ ब्रंच रविवारचा. कोर्ट ऑफ टू सिस्टर्सचं अंगण सुंदर आहे, पण तिथे बुफे असतो. वयस्कर माणसांना ताटली घेऊन रांगेत उभं करायला मला आवडत नाही. कमांडर्स 1893 पासून आहे, गार्डन डिस्ट्रिक्टमध्ये, फिरोजी रंगाच्या मोठ्या जुन्या घरात. 1974 साली एला ब्रेनन या इथल्या नामवंत रेस्टॉरंटवाल्या बाईंनी आणि त्यांच्या भावंडांनी ते चालवायला घेतलं आणि त्याच दशकात तिथे जॅझ ब्रंच सुरू झाला. आज अमेरिकेत गल्लोगल्ली जॅझ ब्रंच दिसतात, त्यांचं मूळ इथे आहे. टेबलांना फुगे बांधलेले असतात. वरच्या मजल्यावरच्या गार्डन रूममधून ओकची झाडं दिसतात, तेव्हा आरक्षण करताना ती खोली मागून बघा. मात्र आईंचे गुडघे दुखत असतील तर खालचीच खोली मागा.

संगीत स्टेजवर नसतं, हे बाबांना आधी सांगून ठेवा. दोन-तीन वादक असतात, ट्रम्पेट, बँजो किंवा गिटार आणि माणसाएवढा उंच बास, आणि ते टेबलाटेबलांमधून फिरतात. तुमच्यापाशी आले की चमचा खाली ठेवा, त्यांच्याकडे बघा, काय ऐकायचंय ते सांगा. नाव सुचलं नाही तर ‘लुई आर्मस्ट्राँगचं एखादं संथ’ एवढं म्हटलं तरी पुरे. आर्मस्ट्राँग हा जॅझमधला विख्यात ट्रम्पेटवादक आणि गायक याच गावचा, 1901 चा जन्म. फर्माईश केलीत तर पाच-दहा डॉलर रोख त्यांच्या हातात द्या. बिलावरची टिप वाढपी मंडळींची, ती वीस टक्के धरून चला. वादकांचं वेगळं.

आता आईंचं जेवण. सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायला लागते, कारण क्रिओल स्वयंपाकात मांस दिसत नाही तिथेही असतं. गम्बो म्हणजे इथला दाट रस्सा, त्यात भेंडी दिसली म्हणून फसू नका. मैदा तेलात किंवा लोण्यात तांबूस-काळपट होईपर्यंत परततात, त्याला रू म्हणतात. त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची जाते, आणि मग वर ओततात तो रस्सा कोंबडीचा किंवा कोळंबीच्या सालांचा असतो. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी इथे पालेभाज्यांचा हिरवा गम्बो करतात, त्यातही सहसा तीन-चार प्रकारचं मांस असतं. राजम्यात सॉसेज, पालेभाजीत डुकराचं हाड. मक्याच्या जाड रव्याची पेज, म्हणजे ग्रिट्स, तीसुद्धा कधीकधी मांसाच्या रश्श्यात शिजवलेली असते. म्हणून आरक्षण करतानाच लिहा, ‘शाकाहारी, अंडं चालेल, मांस-माशाचा रस्सा चालणार नाही’, आणि दोन दिवस आधी फोन करून पुन्हा सांगा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर रश्श्याचं कुणाच्या मनातही येत नाही. आधी कळवलं तर स्वयंपाकघर मनापासून काहीतरी वेगळं करून देतं, हा माझा अनुभव आहे.

मेनूवर एग्ज सार्डू असेल तर आईंसाठी तोच घ्या. पाण्यात अलगद उकडलेली अंडी, खाली आर्टिचोक ही भाजी आणि सायीतला पालक, वर लोण्याचा हॉलंडेज सॉस. हा पदार्थ अँटवान्समध्ये जन्मला, 1840 पासून चालू असलेलं ते रेस्टॉरंट. काही जण त्यात हॅम किंवा अँचोव्ही मासा घालतात, तेवढं विचारून घ्या.

बाबांसाठी जवळच्या मेक्सिकोच्या आखातातला (गल्फचा) मासा किंवा कोळंबी-ग्रिट्स. कोकणातल्या माणसाला ही कोळंबी परकी वाटत नाही. पण दोन पदार्थ त्यांच्यापासून लांब ठेवा. ग्रियाद म्हणजे वासराचं किंवा गाईचं मांस, नावावरून काही कळत नाही. आणि इथलं प्रसिद्ध कासवाचं सूप, टेबलावर वरून शेरी नावाची वाइन घालून देतात ते. कासवाला त्यांची हरकत नसली तरी त्याचा रस्सा बऱ्याचदा गोमांसाचा असतो.

गोडात ब्रेड पुडिंग सूफ्ले. हा सुरुवातीलाच सांगायचा, जेवण झाल्यावर नाही, कारण तो तुमच्यासाठी तेव्हाच भाजला जातो. वाटीच्या काठावर चांगला फुगून वर आलेला असतो. वाढपी चमच्याने मधोमध भोक पाडतो आणि त्यात गरम व्हिस्की सॉस ओततो. सॉस आत जातो तसा सूफ्ले हळूहळू खाली बसतो, तो पूर्ण बसायच्या आत पहिला घास घ्या. आईंना दारू चालत नसेल तर त्यांच्यासाठी सॉस नको म्हणून आधीच सांगा. सोबत चिकरी घातलेली कॉफी मागवा. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीची सवय असलेल्यांना ती लगेच आवडते.

कपड्यांचं. पुरुषांना जॅकेट असलं तर उत्तम, अर्धी चड्डी, टी-शर्ट, स्लिपर नको. आईंना छान साडी नेसू दे, तिथल्या बायकाही टोपी-बिपी घालून नटून येतात. पण चपला सपाट असाव्यात, कारण बाहेरचे फुटपाथ ओकच्या मुळांनी उचकटलेले आहेत आणि जेवणानंतर त्या गल्ल्यांमधून फिरायलाच हवं. समोरच लाफायेत स्मशानभूमी आहे, जमिनीच्या वर बांधलेल्या पांढऱ्या थडग्यांची, कुंपणाबाहेरूनही दिसते.

जायला सेंट चार्ल्स अ‍ॅव्हेन्यूची हिरवी ट्राम आहे, 1835 पासून सुरू असलेला मार्ग, भाडं 1.25 डॉलर. कॅनाल स्ट्रीटला बसा, वॉशिंग्टन अ‍ॅव्हेन्यूला उतरा, मग दोन गल्ल्या चाला. पण पायऱ्या उंच आहेत आणि एसी नाही. आईबाबांना जाताना टॅक्सीने न्या, येताना बाबांची इच्छा असेल तर ट्राम.

दुपार मोकळी असेल तर आर्मस्ट्राँग पार्कमधल्या काँगो स्क्वेअरला जा. गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीय माणसं रविवारी तिथे जमून ढोल वाजवत, नाचत. सकाळी टेबलापाशी ऐकलेल्या संगीताची एक मुळी त्या जमिनीत आहे. क्रिओल स्वयंपाकही पिढ्यानपिढ्या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणींनीच सांभाळला, आणि यातल्या जुन्या रेस्टॉरंटांत त्यांनाच बसून जेवायची परवानगी नव्हती. आईबाबांना हे जरूर सांगा, नाहीतर फुगे आणि ट्रम्पेट एवढंच लक्षात राहील.

तारखेचं बघा. मार्डी ग्रा (इथला मोठा कार्निव्हल), ईस्टर, मदर्स डे, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा जॅझ फेस्ट हे आठवडे टाळा, टेबल मिळत नाही आणि हॉटेलांचे दर दुप्पट होतात. ऑगस्टमध्ये उकाडा भयंकर असतो, पण गर्दी कमी असते आणि बरीच रेस्टॉरंटं ठरावीक दरात जेवण देतात. एरवी महिनाभर आधी शनिवारी अकराच्या सुमाराचं टेबल धरा, ते हातात आल्यावरच हॉटेल आणि बोट बुक करा.