तुमचे प्रश्न : तिसरीचा वर्ग, गणपतीचा मांडव आणि कटिंगची खुर्ची

ऑटिझम, डाऊन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता अशा विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलामाणसांना आपल्यात कसं सामावून घ्यायचं, यावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. ‘समाजात जागृती कशी होईल?’ असे प्रश्न बाजूला ठेवले. ज्यांत जागा, वेळ आणि अडचण नेमकी लिहिली होती ते निवडले. उत्तरं विशेष शिक्षण, ऑक्युपेशनल थेरपी आणि कायदा या विषयांतल्या आमच्या सल्लागारांची आहेत.

जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. पट ३८. यंदा ऑटिझम असलेला एक मुलगा वर्गात आला आहे. वाचतो छान, पण मध्येच कान झाकून ओरडतो, कधी वर्गाबाहेर पळतो. इतर पालक म्हणतात, ‘त्याला विशेष शाळेत घाला.’ मी एकटी काय काय करू? – शिक्षिका, तासगाव तालुका

पालकांचं आधी मिटवू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेला दिव्यांगत्वाच्या कारणावरून मूल नाकारता येत नाही. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि शाळा जवळची नेहमीची की विशेष, हे त्या मुलाच्या घरचे ठरवतात. तेव्हा हा विषय पालकसभेत मतासाठी ठेवूच नका. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांसाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे लेखी मागणी करा. तोंडी विनंती विसरली जाते.

आता ओरडणं. दोन आठवडे एका वहीत तीन रकाने ठेवा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. वेळ लिहायची, मत लिहायचं नाही. ‘त्रास दिला’ या नोंदीतून काही कळत नाही, पण ‘१२.४०, खिचडीच्या ताटांचा ढीग फरशीवर ठेवला, कान झाकले’ या नोंदीतून सगळं कळतं. बहुतेक वेळा कारण दोन-तीन ठरावीक गोष्टींतच सापडतं: ताटांचा खणखणाट, रांगेतली धक्काबुक्की, न सांगता बदललेला तास. ताटांचंच कारण निघालं तर त्याला पाच मिनिटं आधी जेवायला बसवा. एवढ्यावर भागलं, तर दुसरं काही करायची गरज नाही.

तो कशामुळे बेचैन होतो याचं एक मोठं कारण म्हणजे पुढे काय होणार हे माहीत नसणं. त्यासाठी चित्रांचं वेळापत्रक करा. फोटो तुमच्याच शाळेतले घ्या: परिपाठाची जागा, फळा, नळ, मैदान, दप्तर. नेटवरची कार्टून चित्रं नकोत, ती त्याला आपल्या शाळेशी जुळत नाहीत. पुठ्ठ्यावर चिकटवून व्हेल्क्रोने पट्टीवर लावायचे, आणि काम झालं की ते कार्ड त्याने स्वतः काढून पाकिटात टाकायचं. पहिला आठवडा दोनच कार्डं: ‘आधी’ आणि ‘नंतर’. मग हळूहळू पाच-सहा. पट्टी त्याच्या बाकावर हवी. फळ्याशेजारी लावलेली पट्टी शोभेपुरती उरते. बदल असेल त्या दिवशी सकाळीच कार्ड बदलून दाखवा. आणि शिक्षा म्हणून मैदानाचं कार्ड कधीही काढू नका. ते एकदा केलं की पट्टीवरचा त्याचा विश्वास गेला.

बसायला भिंतीकडेची जागा, दारापासून लांब, पंख्याखाली नको. सूचना देताना आधी नाव, मग एकच काम, मग मनात दहा आकडे मोजायचे. आपण तीन आकड्यांतच सूचना पुन्हा देतो, आणि दर वेळी त्याच्या डोक्यात पहिल्यापासून सुरुवात होते. ‘माझ्याकडे बघ’ हा आग्रह सोडा, न बघताही तो ऐकत असतो. ‘पाणी हवं का?’ विचारल्यावर तो ‘पाणी हवं का’ म्हणाला, तर ती थट्टा नसते. बऱ्याचदा तेच त्याचं ‘हो’ असतं.

ओरडण्या-रडण्याचा स्फोट झालाच, तर बोलणं बंद करा, बाकीच्या मुलांना लांब करा, हात धरू नका, बाजूला बसून राहा. शांत व्हायला अर्धा तासही लागू शकतो. त्यानंतर लगेच समजूत घालायला बसू नका, पाणी द्या. वर्गाला सांगायचं ते त्याच्या घरच्यांना विचारूनच, आणि नाव न घेता: ‘काहींच्या कानांना आवाज जास्त लागतो.’ सोबतीला एकच हुशार मुलगी कायमची नेमू नका. दर आठवड्याला दोघं-दोघं बदला, नाहीतर ती त्याची मॉनिटर होते आणि मैत्री राहून जाते.

२ एप्रिलला शाळेत ऑटिझम जागृतीचा कार्यक्रम करायचा आहे. सगळ्यांनी निळे कपडे घालायचे, नाटिका बसवायची असं ठरतंय. आणखी काय करावं? – मुख्याध्यापक, रत्नागिरी

निळे कपडे घाला, पण तेवढ्याने कुणाचंही काही बदलत नाही. नाटिकेत ऑटिझमचं सोंग आणू नका. डोळ्यांवर पट्टी बांधून ‘अनुभव’ घ्यायचे खेळही नकोत, त्यातून मुलांना कीव वाटते, समज येत नाही. त्यापेक्षा त्या दिवशी एक कायमचा बदल सुरू करा: घंटेचा आवाज कमी करणं, किंवा ग्रंथालयाचा एक कोपरा शांत बसण्यासाठी राखणं. बोलायला ऑटिझम असलेली मोठी व्यक्ती मिळाली तर तिला बोलवा, प्रश्न आधी लेखी पाठवा, आणि मानधन द्या. डाऊन सिंड्रोमचा दिवस २१ मार्चला, म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला येतो, कारण त्यात २१ व्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात. विज्ञानाच्या तासाला हे पाच मिनिटांत शिकवता येतं.

आमच्या सोसायटीत विकासात्मक अक्षमता असलेली चार मुलं आहेत. गणपतीत ती खाली येतच नाहीत. मंडळाने काय करावं? – मंडळाचे सचिव, डोंबिवली

ती येत नाहीत कारण साउंड, लुकलुकणारे दिवे, धूप आणि गर्दी एकाच वेळी अंगावर येतात. यातलं प्रत्येक वेगळं करता येतं.

दहापैकी दोन दिवस दुपारी चार ते पाच ‘शांत दर्शन’ ठेवा आणि फलक लावून सगळ्यांना कळवा. त्या तासात स्पीकर बंद, फिरते दिवे बंद, धुराचं मशीन बंद, उदबत्ती मांडवाबाहेर. दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर पाच फोटो पाठवा: गेट, चपला काढायची जागा, मूर्ती, बसायची जागा, प्रसादाचं टेबल. मूल ते घरी पाहून येतं. इथे नेहमी फसतं ते असं: चार वाजता शांतता असते, सव्वाचारला कुणीतरी साउंड टेस्ट करतो. म्हणून साउंडवाल्याला पाचनंतरचीच वेळ द्या.

संध्याकाळच्या आरतीसाठी सोसायटीचं ऑफिस मोकळं ठेवा. एक चटई, पंखा, साधा दिवा. तिथे कुणी ‘काय झालं बाळाला?’ विचारायला जाऊ नये. आरतीत काम द्या, पण आगीचं ताट नको, बॅटरीवरची पणती चालेल. ढोलापेक्षा टाळ बरे, आणि तेही मुलाला आवडत असतील तर. प्रसाद वाटण्याचं काम या मुलांना छान जमतं. मात्र द्रोण आधीच भरून ठेवा, एका द्रोणात एक मोदक, म्हणजे मोजण्याची घाई होत नाही. माइकवरून ‘आज आपले विशेष मित्र प्रसाद वाटणार आहेत’ ही घोषणा टाळा. वाटतायत ते लोकांना दिसतंच.

व्हीलचेअरसाठी उताराचं प्रमाण १:१२ धरा. पायरी १५ सेंटिमीटरची असेल, तर फळी १८० सेंटिमीटरची, म्हणजे साधारण सहा फूट हवी. तीन फुटांची फळी टाकली की खुर्ची ढकलणारा घसरतो आणि मग चौघं जण खुर्चीच उचलतात. बसलेल्या माणसाला ते अजिबात आवडत नाही.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. ऑटिझम असलेल्या काही मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते, आणि हात सुटला की ती थेट तिकडे जातात. विसर्जनाच्या हौदाशी एक कार्यकर्ता फक्त याच कामासाठी उभा करा, त्याच्या हातात मोबाइल नको. मुलाच्या खिशात घरच्यांच्या फोन नंबरचं कार्ड असू द्या. कार्यकर्त्यांना दोनच सूचना: आईशी बोलण्याआधी मुलाशी बोला, आणि न विचारता गाल ओढू नका, फोटो काढू नका.

माझं सलून आहे. एक आई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन येते. तो इतका रडतो की दोघं धरून कटिंग करावी लागते. दुसरी काही पद्धत आहे का? – सलूनचालक, बारामती

आहे, पण तिला तीन-चार खेपा लागतात. हे आधी आईला सांगून पैशांचं ठरवून घ्या.

पहिल्या खेपेला केस कापायचेच नाहीत. दुकान रिकामं असेल अशी सकाळची वेळ द्या, रविवार टाळा. मुलाने खुर्चीत दोन मिनिटं बसायचं, उतरायचं, घरी जायचं. दुसऱ्या खेपेला बंद मशीन हातात द्या, मग लांबून चालू करून आवाज ऐकवा. आवाज नको वाटला तर कात्री वापरा. एप्रनचा गळा बऱ्याच मुलांना सहन होत नाही. त्याऐवजी घरचा जुना शर्ट घालून यायला सांगा, आणि जाताना दुसरा शर्ट, कारण मानेवर टोचणारे बारीक केस हेच निम्म्या रडण्याचं कारण असतं. पाण्याचा फवारा मारू नका, ओला हात फिरवा.

कापताना मोठ्याने मोजा. दहा वेळा कात्री चालली की थांबा, अगदी खरोखर थांबा. ‘अजून एकच’ म्हणून अकरावी मारली, की पुढच्या खेपेला मोजण्याचा उपयोग नाही. मागची बाजू आधी, कानांजवळची शेवटी. आरसा नको असेल तर खुर्ची फिरवा. अर्धीच कटिंग झाली तरी त्या दिवशी पुरे. धरून कापलेले केस नीट दिसतात, पण पुढच्या वेळी तो दुकानाच्या दारातूनच परत फिरतो.

मुलगा बौद्धिक अक्षम आहे, पुढच्या महिन्यात १८ पूर्ण होतील. बँक म्हणते आता तुमची सही चालणार नाही. मतदार यादीत नाव घालता येईल का? – आई, नाशिक

१८ पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, म्हणून बँकेचं बरोबर आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आहे. त्याच्या कलम १४ खाली स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असतात. आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तपासा. लहानपणी दिलेलं बऱ्याचदा तात्पुरतं असतं, आणि अर्ज तिथेच अडकतो. समितीचं पालकत्वाचं प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला बँकेत चालतं. पालक नेमल्यापासून ६ महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब समितीला द्यावा लागतो. हे बहुतेक घरांत राहूनच जातं.

मात्र मुलाला पैशांचे व्यवहार थोडे समजत असतील, सही येत असेल, तर आधी त्याच्याच नावाने खातं आणि एटीएमची रोजची मर्यादा कमी ठेवून बघा. पालकत्व गरज असेल तेवढंच घ्यावं.

मतदार यादीत नाव जरूर घाला, अर्जाचा नमुना ६. पालकत्वाच्या प्रमाणपत्रामुळे मताचा हक्क जात नाही. सक्षम न्यायालयाने तसं घोषित केलं असेल तरच जातो.

माझी बेकरी आहे. ओळखीतल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या २२ वर्षांच्या मुलीला पॅकिंगला घ्यायचंय. शिकवू कसं? – बेकरीमालक, कोल्हापूर

‘पॅकिंग’ हे एक काम नाही, त्याचे तुकडे करा: खोका उघडणं, तळाला कागद, सहा खारी, झाकण, लेबल. शिकवताना शेवटून सुरुवात करा. पहिले काही दिवस बाकी सगळं तुम्ही करा, तिने फक्त लेबल लावायचं. ते जमलं की झाकण आणि लेबल, मग त्याआधीचं. दर वेळी पूर्ण झालेला खोका तिच्याच हातातून जातो. मोजणी कच्ची असेल तर सहा खणांची लाकडी ट्रे करून घ्या. खण भरले की सहा झाल्या. लेबलसाठी पुठ्ठ्यात चौकोन कापून खोक्यावर ठेवा, म्हणजे लेबल तिरकं जात नाही.

सुरुवातीला रोज दोन तास, एकाच वेळी, एकाच टेबलावर. सूचना देणारा माणूस एकच. तिघांनी तीन पद्धती सांगितल्या की हात थांबतो, आणि लोक म्हणतात ‘तिला जमत नाही.’ डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, म्हणून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय डोक्यावर ट्रे किंवा पोती देऊ नका. भट्टीजवळचं काम नंतर बघू. पगार इतरांच्या त्याच तारखेला, तिच्याच खात्यात, आणि किमान वेतनाच्या दराने. ‘घरी बसण्यापेक्षा बरं’ म्हणून पाचशे रुपये हातावर ठेवायचे असतील, तर तिला घेऊ नका. तुमच्याकडे २० किंवा जास्त कामगार असतील, तर २०१६ च्याच दिव्यांग हक्क कायद्याखाली दिव्यांगांसाठीचं समान संधी धोरण लेखी करून दिसेल अशा जागी लावावं लागतं.