खान्देशी भरीत पूर्ण आपलंच आहे का, की त्यातलं काही बाहेरून आलंय?

वांगं आपलंच, पण त्यातली मिरची मूळ मेक्सिकोकडची आणि शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. १४९२ ला कोलंबस अमेरिका खंडाकडे पोचला, मग १६ व्या शतकात पोर्तुगीजांनी मिरची गोव्याला आणली नि तिथून सगळीकडे पसरली, त्याआधी तिखटाला मिरी, पिंपळी, आलं वापरायचे. म्हणजे बडगीत (लाकडी भांड्यात) हिरव्या मिरच्या नि लसूण ठेचून त्यात भाजलेलं वांगं घोटायचं, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी, हे जे आपण जळगावकडे जीव टाकून खातो ते आजच्या रूपात पाचशे वर्षांपूर्वी नव्हतंच! आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की ज्या पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) वांगी भाजतो ती कपाशी पण आता बहुतेक अमेरिकन जातीचीच असते.