वाचकांचे प्रश्न : शेतीचा हिशेब आणि पाण्याचा हिशेब

कृषी, नैसर्गिक संसाधने आणि पर्यावरण यांच्या अर्थशास्त्राविषयी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

मी बी.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. कृषी विद्यापीठात एम.एस्सी. कृषी अर्थशास्त्राला प्रवेश मिळेल का?
— विद्यार्थिनी, लातूर

सहसा नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चारही कृषी विद्यापीठांत एम.एस्सी. (कृषी) साठी कृषी शाखेची चार वर्षांची पदवी लागते. बी.ए. नंतरची तुमची वाट एम.ए. किंवा एम.एस्सी. अर्थशास्त्राची आहे. त्यात संसाधने आणि पर्यावरण हा विषय घेऊन पुढे जाता येते. चेन्नईची मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि दिल्लीची टेरी (ऊर्जा आणि संसाधनांवर काम करणारी संस्था) या विषयासाठी ओळखल्या जातात. पुण्याच्या गोखले संस्थेला शेतीच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांचे जे सर्वेक्षण केले, ते १९४८ साली तिथूनच प्रसिद्ध झाले.

दोन्ही वाटांत फरक आहे, तो आधीच समजून घ्या. कृषी विद्यापीठात ७० श्रेयांकांपैकी ३० संशोधनाचे असतात, म्हणजे जवळजवळ निम्मी पदवी प्रबंधाची. अर्थशास्त्र विभागात सिद्धांत आणि गणित जास्त, शेतावर जाणे कमी. तुमचा कल कुठे आहे, ते पाहून निवडा. सोपे काय आहे, यावरून निवडू नका.

वर्गात उत्पादन खर्चाच्या ए-२, ए-२ अधिक एफएल (घरच्यांचे श्रम), सी-२ अशा व्याख्या लिहून घेतल्या. पण वडील म्हणतात, सोयाबीनमध्ये एकरी सात हजार सुटले, आणि माझा हिशेब तोटा दाखवतो. चूक कोणाची?
— विद्यार्थी, वाशीम

दोघांचेही बरोबर आहे. तुम्ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे काढताय. एक एकराचा नमुना घेऊ. आकडे केवळ समजावण्यासाठी आहेत, तुमचे स्वतःचे घालून पाहा.

बियाणे ३० किलो, २,४०० रुपये. खते २,०००. तणनाशक आणि कीटकनाशक २,२००. नांगरट, पेरणी आणि मळणीचे ट्रॅक्टर-यंत्रभाडे ५,०००. निंदणी-सोंगणीची मजुरी ५,५००. अवजारांचा घसारा, शेतसारा आणि खेळत्या भांडवलाचे व्याज मिळून ९००. बेरीज १८,०००. हा झाला ए-१. जमीन खंडाने घेतलेली नसेल तर ए-२ सुद्धा तोच.

व्याज पूर्ण हंगामाचे लावू नका. सगळा पैसा पेरणीच्या दिवशीच खर्च होत नाही, म्हणून निम्म्या कालावधीचे धरतात. प्रबंध तपासताना ही चूक वारंवार दिसते.

आता आई-वडील आणि तुम्ही मिळून १२ दिवस राबलात. गावातल्या ३५० रुपये रोजाने ४,२०० होतात. ए-२ अधिक एफएल झाला २२,२००. स्वतःच्या जमिनीचा खंड ८,००० आणि स्थिर भांडवलाचे व्याज ८०० मिळवले, की सी-२ झाला ३१,०००.

उतारा ६ क्विंटल, भाव ४,२०० रुपये, म्हणजे हातात २५,२००. त्यातून १८,००० वजा केले तर ७,२०० उरतात. वडिलांनी सांगितलेले सात हजार ते हेच. खिशातून गेलेला पैसा परत येऊन वर किती राहिला, हे ते सांगतात. घरच्या श्रमाचे दाम धरले तर उरतात ३,०००. सी-२ वर तोटा आहे ५,८००. त्याचा अर्थ असा की हीच जमीन खंडाने देऊन घरची माणसे मजुरीला गेली असती, तर याहून जास्त मिळाले असते. दरवर्षी पदरात काहीतरी पडत असूनही कुटुंब खंगत का जाते, ते या तिसऱ्या आकड्यातून कळते. म्हणून तो वडिलांनाही दाखवा.

हमीभावाचा सगळा वाद इथेच आहे. २०१८-१९ पासून केंद्र सरकार ए-२ अधिक एफएलच्या किमान दीडपट हमीभाव जाहीर करते. वरच्या नमुन्यात तो क्विंटलला ५,५५० येतो. शेतकरी संघटना सी-२ च्या दीडपट मागतात, तो येतो ७,७५०. शेत तेच, पीक तेच, आणि क्विंटलमागे २,२०० रुपयांचे अंतर. त्यामुळे 'उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा' हे वाक्य ऐकले, की पहिला प्रश्न विचारायचा : कोणता खर्च?

आणखी एक. उतारा ६ ऐवजी ८ क्विंटल धरला तर सी-२ क्विंटलला ५,१६७ वरून ३,८७५ वर येतो. खर्च तोच असताना क्विंटलमागचा आकडा एवढा हलतो, म्हणून एकाच वर्षाच्या उताऱ्यावर निष्कर्ष काढू नका. शिवाय कुटाराची किंमत खर्चातून वजा करायची असते. वर ती सोयीसाठी सोडली आहे.

कांद्यावर प्रबंध आहे. ९० शेतकऱ्यांची माहिती घेऊन कॉब-डग्लस फलन (निविष्ठा आणि उत्पादन यांचे नाते लॉग घेऊन मांडणारे समीकरण) बसवले. आर-वर्ग (उत्पादनातल्या फरकाचा किती भाग समीकरणाने समजतो, तो आकडा) ०.९३ आला, पण बियाण्याचा गुणांक उणे आणि खताचा सांख्यिकीदृष्ट्या निरर्थक. मार्गदर्शक म्हणतात 'चल काढून टाक'. काढू का?
— पदव्युत्तर विद्यार्थी, अहिल्यानगर जिल्हा

थांबा. बियाण्याविना कांदा येत नाही, म्हणून तो चल काढणे हा इलाज नव्हे. चूक आणखी मागे आहे.

तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात उत्पादन आणि सगळ्या निविष्ठा संपूर्ण शेताच्या आहेत. ज्याचे क्षेत्र मोठे, त्याचे बियाणे जास्त, खत जास्त, मजूर जास्त, कांदाही जास्त. सगळे आकडे क्षेत्राबरोबर हलतात. त्यामुळे आर-वर्ग फुगतो आणि कोणत्या निविष्ठेने काय केले, ते वेगळे करता येत नाही. प्रत्येक रकाना हेक्टरी करा आणि पुन्हा चालवा. आर-वर्ग ०.५ च्या आसपास उतरला तरी घाबरू नका. त्यानंतर चलांमधला परस्परसंबंध तपासा. हा संबंध मोजणारा प्रसरण-फुगवटा गुणांक (व्हीआयएफ) १० च्या वर असेल, तर ते दोन चल एकत्र करण्याचा विचार करा.

दुसरी अडचण शून्याची. ३१ जणांनी शेणखत घातलेच नाही. शून्याचा लॉग निघत नाही म्हणून तुम्ही तिथे ०.००१ लिहिले. त्याचा नैसर्गिक लॉग उणे ६.९ येतो. ते ३१ शेतकरी बाकीच्यांपासून फार दूर फेकले गेले आणि रेषा त्यांनीच ओढली. त्याऐवजी 'शेणखत घातले नाही' असा ०-१ चा एक चल घ्या आणि त्या ३१ जणांच्या शेणखताच्या लॉगच्या जागी शून्य ठेवा.

तिसरी अडचण गोणीची. खत 'गोण्यां'मध्ये मोजलेय. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० ची. युरियाच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र असते. डीएपीच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. यांची बेरीज करून 'सात गोण्या खत' म्हटले तर त्याला काही अर्थ राहत नाही. नत्र, स्फुरद, पालाश किलोत काढा.

उत्पादनही तपासा. रब्बीचा कांदा चाळीत जातो आणि काही महिन्यांनी विकला जातो. तोवर वजन घटते, सडका काढून टाकावा लागतो. काही शेतकऱ्यांनी तुम्हाला काढणीचे वजन सांगितले असेल, काहींनी विक्रीचे. दोन्ही एका रकान्यात आले तर फलन बिचारे काय करणार! या एका मुद्द्यासाठी तरी त्या गावांना पुन्हा फेरी मारा. 'काढला तेव्हा ट्रॉल्या किती भरल्या आणि विकला तेव्हा पट्टीवर वजन किती', असे दोन वेगळे प्रश्न विचारा.

शेवटी सीमांत मूल्याचा पडताळा घ्या. समजा नत्राचा गुणांक ०.२, भौमितिक सरासरी उत्पादन हेक्टरी २०० क्विंटल, नत्र १२० किलो आणि भाव १,५०० रुपये. एका जादा किलो नत्राचे मूल्य येते ५०० रुपये. युरियाची गोणी २६६.५० रुपयांना, म्हणजे नत्र किलोला साधारण १३ रुपये. मूल्य आणि खर्च यांचे गुणोत्तर जवळजवळ ३९! यावरून 'शेतकरी नत्र फार कमी वापरतात' असे प्रबंधात लिहू नका. एवढे मोठे गुणोत्तर बहुधा सांगत असते की पाण्याच्या पाळ्या, रोपांची लागण वेळेवर झाली की नाही, जमिनीचा पोत यांतले काहीतरी फलनातून सुटले आहे आणि त्याचे श्रेय नत्र घेऊन जाते आहे.

गणित कच्चे आहे. निभेल का?
— विद्यार्थी, रत्नागिरी

अवकलन, मॅट्रिक्स आणि संख्याशास्त्र एवढे पक्के करावेच लागेल. ते कशाला लागते, याचे एक उदाहरण देतो. समजा हेक्टरी उत्पादन = १,२०० + १८न − ०.०६न², न म्हणजे किलो नत्र. अवकलन १८ − ०.१२न. ते शून्य होते १५० किलोला, तिथे उत्पादन सर्वांत जास्त. पण फायदा सर्वांत जास्त कुठे? जिथे अवकलन आणि नत्र-धान्य भावाचे गुणोत्तर सारखे होते तिथे. नत्र १३ रुपये आणि धान्य २२ रुपये किलो असेल तर उत्तर १४५. अनुदानामुळे नत्र इतके स्वस्त आहे, की हिशेबी शेतकरीही जवळजवळ कमाल मर्यादेपर्यंत जातो. नत्र तिप्पट महाग केले तर उत्तर १३५ वर येते आणि हेक्टरी धान्य फक्त १२ किलोने घटते. विहिरीच्या पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटची चर्चा या दहा किलोंपासून सुरू होते.

गावात ६०० फुटांवर बोअर गेले तरी लोक थांबत नाहीत. अर्थशास्त्र याला मूर्खपणा म्हणते का?
— वाचक, सोलापूर जिल्हा

अजिबात नाही. मी आज वाचवलेले पाणी माझ्याच बोअरसाठी राखून राहत नाही, शेजारच्या पंपाने वर येते. मग वाचवायचे कुणासाठी? त्यात वीज अश्वशक्तीवर ठोक दराने असली, किंवा २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना आहे तशी मोफत असली, तर जादा तासभर पंप चालवण्याचा खर्च शून्य होतो. प्रत्येक जण स्वतःपुरते शहाणपणाने वागतो आणि भूजल खाली जाते.

उपाय दोन प्रकारचे सांगितले जातात : पाण्याला किंमत लावा किंवा वरून कायदा करा. तिसरा मार्ग एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अभ्यासला आणि त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम करायचे, स्वतः नजर ठेवायची. हिवरे बाजार याच पद्धतीने चालते. पावसाचे मोजमाप करून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावर पिके ठरवायची, सिंचनासाठी बोअर घ्यायचा नाही. हे नियम दुसऱ्या गावाला तसेच्या तसे लागू पडत नाहीत. खालच्या खडकातले पाणी एकाच गावाचे आहे की चार गावांचे, हे आधी भूजल सर्वेक्षणाकडून समजून घ्या. चार गावांचे असेल तर एकट्या ग्रामसभेचा ठराव पुरत नाही.

कास पठाराचे मूल्य 'प्रवासखर्च पद्धती'ने, म्हणजे पाहुणे तिथे येण्यासाठी किती खर्च करतात त्यावरून, काढायचे आहे. काय जपावे?
— विद्यार्थिनी, सातारा

पहिली गोष्ट म्हणजे सहल. पुण्याहून आलेले कुटुंब कास, ठोसेघर आणि महाबळेश्वर एकाच फेरीत करते. सगळा खर्च कासच्या नावावर टाकला तर मूल्य फुगते. 'फक्त कास असते तरी आला असता का?' हा प्रश्न विचाराच, आणि अशा पाहुण्यांचे वेगळे विश्लेषण करा. गाडीचा खर्च माणशी वाटा, गाडीमागे धरू नका. वेळेचीही किंमत असते. मजुरीच्या दराच्या एक-तृतीयांश धरण्याचा प्रघात आहे, पण शून्य आणि पूर्ण दर धरूनही निकाल दाखवा.

बहुतेक लोक वर्षातून एकदाच येतात. त्यामुळे व्यक्तीगणिक भेटी मोजून आलेख निघणार नाही. जिल्हा किंवा तालुकानिहाय पट्टे पाडा आणि दर हजार लोकसंख्येमागे भेटी काढा. फक्त शनिवार-रविवारी मुलाखती घेतल्या तर लांबून येणारेच जास्त सापडतील, म्हणून मधले वारही घ्या.

या पदवीनंतर कोणत्या परीक्षा?
— पालक, जळगाव

कृषी विद्यापीठात शिकवायचे तर कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची नेट, कला-वाणिज्य महाविद्यालयात शिकवायचे तर यूजीसीची नेट किंवा राज्याची सेट. या दोन्ही परीक्षा वेगळ्या आहेत आणि एकीच्या जोरावर दुसरीकडे अर्ज करून मुले वर्ष घालवतात. नाबार्डच्या अधिकारी परीक्षेत कृषी आणि ग्रामीण विकास हा विषय असतो, तिथे या विद्यार्थ्यांना फायदा होतो. भारतीय आर्थिक सेवेसाठी मात्र अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांतली पदव्युत्तर पदवी मागतात. एम.एस्सी. (कृषी) चालेल असे गृहीत धरू नका, जाहिरातीतली अट शब्दशः वाचा आणि मगच शुल्क भरा.