मगर पाहायला जाण्यापूर्वी

कृष्णाकाठच्या मगरी पाहण्याचा तुमचा विचार उत्तम आहे; सुरुवातीला फक्त वेळ आणि अंतर एवढेच सांभाळा. मगरीला अंगची ऊब बाहेरून मिळवावी लागते आणि गिळलेले भक्ष्य पचवण्यासाठीही ती लागतेच, म्हणून हिवाळ्यात ती काठावर ऊन खात तासन्‌तास पडून राहते. पक्षीनिरीक्षणाच्या सवयीने पहाटेच नदीवर जाणे आणि हिरमुसून परतणे, ही नवख्यांची नेहमीची चूक होय. ऊन चांगले तापू द्या, मग निघा.

उघडा जबडा दिसला म्हणजे ती चवताळली आहे असे नसते. अंग तापत असताना डोके फार तापू नये म्हणूनही ती तोंड उघडे ठेवते. मात्र निश्चल मगर झोपली आहे असे समजून छायाचित्रासाठी काठावर उतरणे जिवावर बेतू शकते. उंचावरून दुर्बिणीनेच पाहा. तुमच्या चाहुलीने ती पाण्यात शिरली, तर मिळवलेली ऊबही वाया जाते. उन्हाळ्याच्या तोंडावर माद्या काठावर अंडी घालून राखण करतात. तेव्हा तर लांबच राहा. नर-मादी ओळखणे, लांबीचा अंदाज बांधणे वगैरे पुढच्या हंगामात पाहू.